को-क्यू१०, मायटोक्यू की अल्फा लिपोइक ॲसिड : मायटोकाँड्रियांसाठी गोळी निवडण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६१ वर्षे, आठ वर्षांपासून मधुमेह, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉर्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातले औषध रोज चालू, सकाळी पाऊण तास चालणे होते. तरीही दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटते आणि पोटऱ्या जड होतात. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे सूक्ष्म घटक, दुबळे झाल्यामुळे वार्धक्य येते असे आपल्या वाचनात आले. म्हणून आपण विचारता की को-एन्झाइम क्यू१०, मायटोक्यू, अल्फा लिपोइक ॲसिड, एन-ॲसिटिल सिस्टीन आणि रेझ्व्हेराट्रॉल यांपैकी सर्वांत प्रभावी कोणते, आणि जोडीला 'सी' व 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का. मी बरीच वर्षे फिजिशियन म्हणून मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण पाहतो. अशा गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवून 'यातले काय चालू ठेवू?' असे विचारणारे रुग्ण अलीकडे वरचेवर भेटतात, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचाच आहे.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आज जाणवणारा थकवा कशाचा आहे हा एक, आणि पुढच्या वीस वर्षांत पेशींची झीज कमी व्हावी म्हणून काही घेता येईल का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा साध्या तपासण्यांतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर देताना 'सर्वांत प्रभावी अँटिऑक्सिडंट' हा निकषच मला चुकीचा वाटतो. एखादे द्रव्य परीक्षानळीत किती मुक्त मूलके, म्हणजे पेशींची मोडतोड करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, शोषते (अँटिऑक्सिडंटचे काम तेच) यापेक्षा आपल्या शरीरात नेमकी कशाची उणीव आहे आणि ते द्रव्य ती भरून काढते का, हे विचारायला हवे. आपली मूत्रपिंडे कशी आहेत, हृदयाची तपासणी झाली आहे का, तंबाखूची सवय आहे किंवा होती का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे आपण लिहिलेले नाही, आणि या प्रत्येक उत्तराने माझा सल्ला काही अंशी बदलेल.

पेशीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग मायटोकाँड्रियांत तयार होतो. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन त्यांच्या आतल्या पटलावर एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि त्या वाटचालीतून मिळालेल्या ऊर्जेवर एटीपी हे पेशीचे इंधन बनते. वाटेत, मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी, थोडे इलेक्ट्रॉन निसटून आधीच ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक तयार होते. अमेरिकन संशोधक डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये असे मांडले की अशा मूलकांनी केलेली मोडतोड साचत जाते आणि तेच वार्धक्याचे मूळ आहे. १९७२ मध्ये त्यांनी या मोडतोडीचे मुख्य ठिकाण म्हणून मायटोकाँड्रियांकडे बोट दाखवले. ही मांडणी इतकी सुबक होती की मूलके शोषणारे द्रव्य पोटात घ्यावे म्हणजे वार्धक्य लांबेल, हा पुढचा निष्कर्ष सर्वांनाच स्वाभाविक वाटला.

प्रयोगांनी मात्र गुंतागुंत दाखवली. २००५ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी उंदरांच्या थेट मायटोकाँड्रियांमध्ये कॅटॅलेज हे संरक्षक विकर (एन्झाइम) जास्त तयार होईल अशी जनुकीय योजना केली, तेव्हा त्या उंदरांचे आयुष्य सुमारे २० टक्क्यांनी वाढले. म्हणजे हार्मन यांच्या विचारात तथ्य होते. पण इतर अँटिऑक्सिडंट विकरे वाढवलेल्या उंदरांत तसा लाभ दिसला नाही. नेकेड मोल रॅट हा प्राणी तर ऊतींमध्ये ऑक्सिडीकरणाच्या खुणा भरपूर असूनही तीस वर्षांहून अधिक जगतो, जे त्याच्या आकाराच्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत अपवादात्मक आहे. याचे एक कारण आता बऱ्यापैकी कळले आहे. थोड्या प्रमाणातली मूलके हा पेशीसाठी निरोप असतो. व्यायाम करताना स्नायूंत ती वाढतात, तो निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरे आणि नवे मायटोकाँड्रिया तयार करू लागते. बाहेरून घेतलेल्या द्रव्याने तो निरोपच पुसला, तर व्यायामाचा फायदाही काही अंशी पुसला जातो.

जर्मनीतील मायकेल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे माणसांत दाखवले. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज १००० मि.ग्रॅ. 'सी' आणि ४०० एकक 'ई' जीवनसत्त्व दिले गेले. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली आणि गोळ्या घेणाऱ्यांची सुधारली नाही. नॉर्वेतील २०१४ च्या एका प्रयोगातही ११ आठवडे ही दोन जीवनसत्त्वे घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियांशी निगडित प्रथिनांची अपेक्षित वाढ मंदावली, मात्र त्यांची दमश्वासाची क्षमता इतरांइतकीच वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मधुमेह असलेल्या आणि रोज चालणाऱ्या माणसाने या जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेऊ नयेत असे मी म्हणतो, त्यामागे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २० मि.ग्रॅ. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे ३५,००० हून अधिक पुरुषांच्या सिलेक्ट या चाचणीत ४०० एकक 'ई' घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो निष्कर्ष २०११ चा आहे. आपल्याकडे पायात गोळे येतात म्हणून, केस गळतात म्हणून, किंवा नुसतीच ताकदीसाठी म्हणून ४०० ची 'ई' कॅप्सूल महिनोन्‌महिने घेणारे असंख्य लोक आहेत, आणि ती कोणी सुरू केली हेही त्यांना आठवत नाही. साठीच्या पुरुषाने ती कारणाशिवाय घेत राहणे मला मान्य नाही. तंबाखूचा इतिहास असेल तर बीटा कॅरोटीन असलेली कोणतीही 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल टाळावी. आवळा, पेरू, लिंबू, पालेभाज्या आणि शेंगदाणे यांतून मिळणाऱ्या प्रमाणाबद्दल मी बोलत नाही. ते खुशाल खावे.

आता आपल्या पाच नावांकडे येतो. त्यांत को-एन्झाइम क्यू१० ला मी वेगळे स्थान देतो, कारण ते मुळात मायटोकाँड्रियांच्या यंत्रणेचाच भाग आहे. फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ मध्ये ते बैलाच्या हृदयाच्या मायटोकाँड्रियांतून वेगळे केले. पहिल्या आणि दुसऱ्या संकुलाकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते तिसऱ्याला पोचवते, आणि तेच रेणू पटलातल्या स्निग्ध भागाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षणही करतात. शरीर ते स्वतः तयार करते, वयानुसार काही ऊतींत त्याचे प्रमाण घटते, आणि स्टॅटिन ज्या जैवरासायनिक मार्गावर कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवते त्याच मार्गातून क्यू१० चीही निर्मिती होते. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातले त्याचे प्रमाण कमी होते.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांतला आहे. क्यू-सिम्बायो या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या ४२० रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधांसोबत १०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा असे दोन वर्षे दिले, तेव्हा हृदयाशी संबंधित मोठ्या घटना त्यांच्यात १५ टक्के आणि नुसती औषधे घेणाऱ्यांत २६ टक्के झाल्या. स्वीडनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या ४४३ लोकांना चार वर्षे २०० मि.ग्रॅ. क्यू१० आणि २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, किंवा प्लासिबो म्हणजे औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली गेली. हृदयविकाराने झालेले मृत्यू ५.९ आणि १२.६ टक्के असे निघाले. हे आकडे मन वेधून घेणारे आहेत. पण तिथल्या लोकांच्या आहारात सेलेनियम मुळातच कमी होते, त्यामुळे त्या निकालाचे श्रेय कोणाचे किती हे सांगता येत नाही, आणि तोच निकाल इतर प्रदेशाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. सेलेनियम गरजेपेक्षा जास्त झाले तर ते अपायकारक ठरते, म्हणून स्वीडनचा तो डोस आपण मनाने घेऊ नये. याउलट पार्किन्सन्सच्या ६०० रुग्णांत क्यू१० चे १२०० आणि २४०० मि.ग्रॅ. इतके मोठे डोस देऊनही काही लाभ दिसला नाही आणि ती चाचणी थांबवण्यात आली. उणीव किंवा ताण असलेल्या हृदयात जे उपयोगी पडते ते सर्व अवयवांत आणि सर्व माणसांत पडेलच असे नाही, हे मला या निकालांतून एकत्र दिसते.

स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायुदुखीवर क्यू१० चा उपयोग होतो का, याबाबतच्या चाचण्या लहान आणि परस्परविरोधी आहेत. लंडनमधल्या सॅमसन या २०२० च्या चाचणीने आणखी एक पैलू दाखवला. स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने प्लासिबो आणि काही महिने काहीच नाही असे दिले गेले. स्टॅटिनच्या महिन्यांत नोंदवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास प्लासिबोच्या महिन्यांतही झाला होता. त्रास खोटा होता असा याचा अर्थ नाही. तो खराच होता, पण त्याचे कारण बहुतांशी औषधाच्या रसायनात नव्हते. म्हणून पोटऱ्या जड होतात एवढ्यावरून स्टॅटिन स्वतःहून बंद करू नये, ही माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

मायटोक्यू म्हणजे क्यू१० च्याच क्रियाशील भागाला धनप्रभार असलेली एक शेपटी जोडलेला रेणू. मायकेल मर्फी आणि रॉबिन स्मिथ यांनी न्यूझीलंडमध्ये त्याची रचना केली. मायटोकाँड्रियांचा आतला भाग ऋणप्रभारित असल्यामुळे असा रेणू तिथे बाहेरच्यापेक्षा शेकडो पट साचतो. कल्पना अतिशय बुद्धिमान आहे, आणि संशोधनाचे साधन म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. २०१८ मध्ये कोलोरॅडोत ६० ते ७९ वयाच्या २० जणांना सहा आठवडे रोज २० मि.ग्रॅ. दिल्यावर रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता लक्षणीय सुधारली. परंतु २० माणसे आणि सहा आठवडे एवढ्यावर वार्धक्याबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि पार्किन्सन्सच्या १२८ रुग्णांत वर्षभर दिल्यावर ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. ते महाग आहे आणि परदेशातून मागवावे लागते. आज तरी त्यावर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मोठी आणि दीर्घ चाचणी झाली तर मी हे मत बदलेन.

अल्फा लिपोइक ॲसिड मी स्वतः लिहून देतो, पण दीर्घायुष्यासाठी नाही. मधुमेहात पायांच्या नसा खराब होऊन जळजळ, मुंग्या किंवा टोचल्यासारखे होत असेल तर रोज ६०० मि.ग्रॅ. ने काही आठवड्यांत त्रास कमी होतो, हे सिडनी-२ या १८१ रुग्णांच्या चाचणीत दिसले आणि माझ्या रुग्णांपैकी अनेकांनाही तसा आराम पडतो. चार वर्षे चाललेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र ठरवलेला मुख्य निकष सिद्ध झाला नाही, म्हणजे लक्षणांना उतार पडणे आणि नसांची झीज थांबणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या पोटऱ्यांच्या जडपणासोबत रात्री तळपायांची आग होत असेल तर या गोळीचा विचार जरूर व्हावा. ती रिकाम्या पोटी चांगली शोषली जाते, आणि तिच्यामुळे क्वचित साखर बरीच उतरू शकते, म्हणून सुरुवातीला साखर तपासत राहावे.

एन-ॲसिटिल सिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचे सिद्ध औषध आहे आणि कफ पातळ करण्यासाठीही आपण ते वापरतो. शरीर त्यापासून ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट बनवते. ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयात राजगोपाल सेखर यांनी ते ग्लायसिन या अमिनो आम्लासोबत वृद्धांना दिले, आणि १६ आठवड्यांत ग्लुटाथायोन, मायटोकाँड्रियांचे कार्य आणि चालण्याचा वेग यांत सुधारणा नोंदवली. त्या चाचणीत वृद्ध होते फक्त २४, आणि डोस होता प्रत्येक किलो वजनामागे दोन्हींचा १०० मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या माणसाला प्रत्येकी ६ ग्रॅम. ११४ निरोगी वृद्धांच्या दुसऱ्या, दोनच आठवड्यांच्या चाचणीत मुख्य निकषावर फरक पडला नाही. ज्यांचे ग्लुटाथायोन आधीच कमी होते अशा गटातच वाढ दिसली. उणीव असलेल्यालाच लाभ, हे सूत्र इथेही दिसते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने हे औषध विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तदाब एकदम उतरून डोके भयंकर दुखू शकते.

द्राक्षांच्या सालीत आढळणाऱ्या रेझ्व्हेराट्रॉलबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण सांगण्यासारखे थोडे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने अनेक प्रयोगशाळांत एकाच वेळी घेतलेल्या चाचण्यांत सामान्य आहारावरील उंदरांचे आयुष्य त्याने वाढले नाही, आणि कोपनहेगनमध्ये २०१३ साली आठ आठवडे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठ पुरुषांना रोज २५० मि.ग्रॅ. दिले तेव्हा रक्तदाब आणि दमश्वासावर व्यायामाचा जो लाभ प्लासिबो घेणाऱ्यांना झाला, तो या गटात कमी झाला. आपण घेऊ नये.

एवढ्यावरून आपल्यापुरते चित्र असे बनते : 'सी' व 'ई' चे मोठे डोस आणि रेझ्व्हेराट्रॉल नको, मायटोक्यू आणि एन-ॲसिटिल सिस्टीन सध्या नको, नसांची लक्षणे असतील तर अल्फा लिपोइक ॲसिड, आणि तपासण्या स्वच्छ आल्या तर क्यू१० मर्यादित काळासाठी वापरून पाहता येईल.

तपासण्यांचा क्रम मात्र गोळीच्या आधी येतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि माणूस शाकाहारी असेल तर ते आधीच काठावर असते. बी१२ च्या अभावाने थकवा, पायांत मुंग्या, चालताना अस्थिरता असे सगळे होते, आणि ते वेळेवर भरून काढले तर बराच फरक पडतो; उशीर झाला तर नसांची काही हानी कायमची राहते. त्यासोबत हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी आणि स्टॅटिन चालू असल्यामुळे सीके हे स्नायूंचे विकर पाहावे. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर मोकळ्या होतात असे असेल, तर पायांच्या धमन्यांत अडथळा आहे का हे तपासणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. रात्री घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाचाही विचार करावा. माझ्याकडे 'मायटोकाँड्रियांसाठी काहीतरी द्या' म्हणून आलेल्या बऱ्याच जणांना शेवटी या यादीतल्याच एखाद्या गोष्टीवर उपचार द्यावे लागले आहेत.

आणि मायटोकाँड्रिया वाढवणारा, माणसांत सिद्ध झालेला उपाय आपण अर्धा करतच आहात. जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पळवून त्यांच्या स्नायूंतली मायटोकाँड्रियांची विकरे दुप्पट झाल्याचे दाखवले. मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ आठवडे आलटून पालटून जलद आणि संथ सायकल चालवल्यावर ज्येष्ठांच्या स्नायूंतली मायटोकाँड्रियांची क्षमता ६९ टक्क्यांनी वाढली; तरुणांत ही वाढ ४९ टक्के होती. कोणत्याही गोळीच्या नावावर असा आकडा नाही. एकाच संथ गतीने पाऊण तास चालण्याऐवजी त्यात तीन-चार मिनिटांचे वेगाचे टप्पे घालावेत आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना भार देणारा व्यायाम करावा, अगदी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणेही चालेल. मधुमेह आठ वर्षांचा असल्यामुळे हा बदल करण्यापूर्वी ईसीजी, हृदयाची तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे.

या सगळ्यानंतरही क्यू१० घेऊन पाहायचे असेल तर ते नीट परीक्षा घेऊन घ्यावे. दहा-पंधरा घटक एकत्र केलेली कॅप्सूल टाळावी, कारण तिच्यात प्रत्येकाचे प्रमाण नाममात्र असते आणि फायदा किंवा अपाय कोणामुळे झाला हे कळत नाही. एकट्या क्यू१० ची १०० मि.ग्रॅ. ची गोळी, वेष्टनावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून घ्यावी आणि दुपारच्या किंवा रात्रीच्या मुख्य जेवणासोबत घ्यावी, कारण ती स्निग्ध पदार्थासोबत चांगली शोषली जाते. क्यू१० चे युबिक्विनॉल नावाचे महागडे रूप घेण्याची गरज नाही. शरीर एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करते. सुरू करण्यापूर्वी आठवडाभर रोज संध्याकाळी थकव्याला शून्य ते दहा असा गुण वहीत लिहावा आणि ठरावीक अंतर चालायला किती मिनिटे लागतात हे नोंदवावे, त्याच काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये, आणि १२ आठवड्यांनी वही पाहून ठरवावे. फरक नसेल तर बंद करावे. फरक असेल तरी एक महिना थांबवून तो पुन्हा जातो का, हे पाहावे; मी माझ्या रुग्णांना हा थांबण्याचा महिना सक्तीने पाळायला लावतो, कारण ऋतू, झोप आणि साखरेचे नियंत्रण बदलल्यानेही बरे वाटू शकते.

वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर क्यू१० मुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) केल्याशिवाय ते सुरू किंवा बंद करू नये. कर्करोगासाठी केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल तर यातली कोणतीही अँटिऑक्सिडंट गोळी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना औषधांच्या यादीत या गोळ्यांची नावेही सांगावीत. बी१२, टीएसएच आणि सीके यांचे आकडे आल्यावर ते, तसेच मूत्रपिंडे, हृदय व तंबाखू यांबद्दलची माहिती कळवलीत, तर क्यू१० च्या बाबतीत मला याहून नेमके सांगता येईल.